ईदीचे कार्ड : एक ताव, दोन घड्या, दोन खिसे

आमच्या समाजात हुनराची कमतरता कधीच नव्हती. कमतरता आहे ती हिशेबाची. जरीचे काम करणारा, गोटा लावणारी, पाकिटे चिकटवणारे घर, पुस्तक बांधणारा बाइंडर, हे सगळे हात आपल्या मोहल्ल्यात आहेत. पण त्यांच्या मेहनतीचा भाव दुसराच कोणी ठरवतो. या पानावर आम्ही आजवर पॉवरलूम, सूत, रंगाई आणि कटपीसच्या बाजाराबद्दल लिहीत आलो. आज एका लहान वस्तूबद्दल लिहायचे आहे. ती म्हणजे हाताने घडी घालून केलेले, आत खिसे असलेले शुभेच्छा कार्ड, सरळ नाव द्यायचे तर ईदीचे कार्ड. वस्तू लहान आहे, भांडवल थोडे लागते, आणि घरातल्या एका टेबलावर काम होते. म्हणूनच भाव कसा ठरवावा याचा धडा तिच्यातून चांगला मिळतो.

ईदी म्हणजे आधी कागद, मग पैसे

आज ईदी म्हटले की मुलांच्या हातावर ठेवलेली कोरी नोट डोळ्यांपुढे येते. पण उर्दूत या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे आणि जुन्या शब्दकोशांत तो नोंदलेला आहे. मकतबातले मौलवी साहेब सणाच्या वेळी चार ओळी लिहून मुलांच्या हाती देत. त्या लिहिलेल्या ओळींनाही ईदी म्हणत. मूल ती घरी दाखवी आणि घरचे लोक उस्तादांसाठी नजराणा देत. म्हणजे लिहिलेला कागद आणि दिलेली रक्कम, दोन्ही एकाच शब्दात होती.

पुढे रेल्वे, टपाल आणि छापखाने आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ईद कार्डाचा रिवाज हिंदुस्थानात रुजला आणि विसाव्या शतकात लाहोर, दिल्ली, मुंबई इथले छापखाने ईद कार्डे छापू लागले. आमच्या पिढीने शाळेत असताना ही कार्डे निवडून निवडून घेतली आहेत. चंद्र, मिनार, गुलाबाचे फूल आणि खाली नस्तालीकमध्ये ईद मुबारक. नोकरीसाठी दूर गेलेल्या माणसाला ते कार्ड पोचले की घरची ईद पोचत असे.

भारतात मोबाइल फोन १९९५ मध्ये सुरू झाला. आधी एसएमएस आला, मग व्हॉट्सअ‍ॅप, आणि शुभेच्छा फुकट झाली. जी वस्तू फुकट मिळते तिच्यासाठी कोणी पैसे देत नाही, हा बाजाराचा साधा कायदा आहे. नुसती शुभेच्छा सांगणारे छापील कार्ड त्यामुळे मागे पडले. त्यात नवल काही नाही आणि त्यावर रडण्यातही अर्थ नाही.

पण एक गोष्ट फोनने नेली नाही. २०१६ पासून यूपीआय आले, चहाचे पैसेही फोनवरून जाऊ लागले, तरी ईदच्या दिवशी लहान मुलाला नोट हातातच द्यावी लागते. निकाहात सलामी पाकिटातूनच दिली जाते. आमच्या हिंदू शेजाऱ्यांकडे आहेर, भाऊबीजेची ओवाळणी आणि मुंजीची भेट आजही पाकिटातूनच जाते. म्हणजे ज्या कार्डात काही ठेवता येते त्या कार्डाला गिऱ्हाईक आहे. खिसा केला की कार्ड नुसता कागद राहत नाही, ते वापरायची वस्तू होते, आणि आमच्या मते या धंद्याचे सगळे मर्म त्या खिशात आहे.

कागद आपलाच आहे

कापडाच्या व्यापाऱ्याने कागदावर का लिहावे, असे कोणी विचारील. उत्तर असे की चांगला हातकागद कापडापासूनच होतो. सुती कात्रणे, होजिअरीचे तुकडे, शिंप्याच्या कात्रीखालून पडलेल्या चिंध्या वेचून, बारीक कापून, पाण्यात कुटून त्यांचा लगदा करतात. तो लगदा जाळीवर उचलतात, दाबतात, वाळवतात आणि घोटतात. झाड तोडावे लागत नाही. सुताचे तंतू लांब आणि चिवट असल्यामुळे असा कागद घडी घातल्यावर तुटत नाही. खिशाच्या कार्डाला तर हाच गुण सगळ्यांत जास्त उपयोगी पडतो.

हा हुनर कागझी बिरादरीचा. जयपूरजवळच्या सांगानेरचे कागझी आजही हे काम करतात आणि त्यांचा माल परदेशी जातो. आपल्या महाराष्ट्रात दौलताबादजवळ कागझीपुरा हे गावच या धंद्याच्या नावाने आहे. मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली तेव्हा कारागीर तिथे आले, असे तिकडे सांगतात. दौलताबादी आणि जुन्नरी कागद पूर्वीच्या दफ्तरांत वापरला जात होता. पुण्यात कसबा पेठेजवळ कागदीपुरा हे नाव अजून टिकून आहे. गिरणीचा स्वस्त कागद आला तेव्हा हा धंदा बसला. मग १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, गांधीजी आणि जे. सी. कुमारप्पा यांनी हातकागदाकडे लक्ष दिले, आणि १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था सुरू झाली. सांगानेरला पुढे कुमारप्पांच्याच नावाने हातकागदाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली.

हा इतिहास सांगण्याचे कारण अभिमान मिरवणे नव्हे. ज्या चिंधीचे पोते आपण किलोच्या भावाने काढून टाकतो, तीच चिंधी कागद होऊन तावाच्या भावाने परत येते. मधली किंमत हुनराची आहे. तोच ताव घडी घालून, खिसा लावून कार्डाच्या भावाने गेला तर किंमत आणखी एक पायरी चढते. प्रत्येक पायरीवर कोणाचा हात आहे, हे कारागिराने पाहावे.

आधी नोट मोजा, मग कागद कापा

बाजारातली कित्येक पाकिटे अशी असतात की नोट घडी घातल्याशिवाय आत जात नाही, किंवा गेली तर अर्धी बाहेर डोकावते. कारण कागद आधी कापलेला असतो आणि नोटेचा विचार नंतर झालेला असतो. शिंपी आधी अंगाचे माप घेतो, मग कापडाला कात्री लावतो. इथेही तेच करावे.

सध्याच्या नोटांची मापे मिलिमीटरमध्ये अशी आहेत : १० ची नोट १२३ × ६३, २० ची १२९ × ६३, ५० ची १३५ × ६६, १०० ची १४२ × ६६, २०० ची १४६ × ६६ आणि ५०० ची १५० × ६६. जुन्या मालिकेतली १०० ची नोट १५७ × ७३ आहे. २००० ची नोट रिझर्व्ह बँकेने मे २०२३ मध्ये चलनातून मागे घेतली, तेव्हा तिचा विचार करायचे कारण नाही. म्हणजे सगळ्यांत लांब नोट १५७ मिलिमीटर, सगळ्यांत रुंद ७३. जे कार्ड मिटल्यावर १७ सेंटिमीटर उंच आणि ११ सेंटिमीटर रुंद राहील, त्यात कोणतीही नोट घडी न घालता उभी राहते आणि वर सेंटिमीटरभर जागा उरते. आमचे माप यावरून ठरले.

हातकागदाचा नेहमीचा ताव ५६ × ७६ सेंटिमीटरचा, म्हणजे २२ × ३० इंचांचा असतो. एका कार्डाला २२ सेंटिमीटर रुंद आणि २४ सेंटिमीटर उंच तुकडा लागतो. तावाच्या ७६ च्या बाजूवर २४ चे तीन भाग पाडा आणि ५६ च्या बाजूवर २२ चे दोन. एका तावात सहा कार्डे निघतात. ७६ च्या बाजूवर ४ सेंटिमीटर उरतात, त्यात दोन्हीकडच्या कच्च्या कडा निघून जातात. ५६ च्या बाजूवर १२ सेंटिमीटरची लांब पट्टी उरते. ती फेकायची नाही. तिच्यातून ९ सेंटिमीटर रुंद आणि ११ उंच अशा आठ चिठ्ठ्या निघतात. सहा कार्डांना सहा चिठ्ठ्या आणि दोन वर. कापडात मार्कर बसवताना कापड वाचवतो तो खरा मास्टर; कागदातही तसेच आहे.

कागदाचा ताणा-बाणा

कापडाला ताणा-बाणा असतो तशी यंत्रावर केलेल्या कागदालाही एक दिशा असते. तंतू बहुतेक एकाच दिशेने बसलेले असतात. त्या दिशेने घडी घातली तर ती सरळ आणि गुळगुळीत पडते. आडवी घातली तर कड फुटते, तडे दिसतात. जाळीवर एकेक ताव हाताने उचललेल्या कागदात हा फरक फार थोडा असतो, पण आज हातकागद म्हणून मिळणारा बराच माल सिलिंडरवर उचललेला असतो, त्यात दिशा जाणवते.

पारख सोपी आहे. ताव हातात धरून आधी लांबीकडून आणि मग रुंदीकडून हलकेच वाकवा. ज्या बाजूने तो सहज वाकतो, त्या घडीला समांतर तंतू आहेत. आपल्या कार्डाला दोन घड्या पडतात : मधली उभी आणि खालची आडवी. मधली घडी रोज उघडझाप होणारी, म्हणून तंतू तिला समांतर, म्हणजे २४ च्या बाजूने ठेवावेत. आडवी घडी एकदाच घालायची असते, ती रेघ नीट दाबून सांभाळता येते.

कागदाचे वजन २०० ते २२० जीएसएम असावे. त्याहून हलका घेतला तर खिशात नोट ठेवल्यावर कार्ड झुकते. त्याहून जड घेतला तर घडीवर फुगवटा येतो आणि कार्ड मिटत नाही.

करण्याची रीत

साहित्य असे : पोलादी पट्टी, गुण्या, धारदार कटर, बाइंडरकडे असते तशी हाडाची पट्टी, वजनासाठी एक फरशी आणि खळ. हाडाची पट्टी नसेल तर शाई संपलेले बॉलपेन चालते.

एक. तुकडा दर्शनी बाजू वर करून ठेवा. उभ्या बाजूने २४ सेंटिमीटर, आडव्या बाजूने २२. खालच्या कडेपासून ७ सेंटिमीटरवर आडवी रेघ आणि बरोबर मध्ये, ११ वर, उभी रेघ हाडाच्या पट्टीने दाबा. पेन्सिलीची रेघ नको, ती पुसताना कागद मळतो. ज्या बाजूने रेघ दाबली ती बाजू घडीच्या बाहेर यायला हवी, हे लक्षात ठेवा. उलटी घडी घातली तर कड फुटते.

दोन. खालच्या ७ सेंटिमीटरच्या पट्टीत, उभ्या रेघेवर, ३ मिलिमीटर रुंदीची एक बारीक पट्टी कापून काढा. खालच्या कडेपासून आडव्या रेघेपर्यंतच, वर नाही. हे काम क्षुल्लक वाटते पण सगळ्या कार्डाची शान त्यावर आहे. ही जागा सोडली नाही तर मधली घडी दोन पदरांतून जाते, खिसा चुरगळतो आणि कार्ड कधीच सपाट मिटत नाही. स्वस्त मालात हाच दोष सगळ्यांत जास्त दिसतो.

तीन. त्याच पट्टीच्या दोन्ही बाहेरच्या कडा दीड मिलिमीटर आत घ्या, म्हणजे खिसा वळवल्यावर मागून डोकावणार नाही. दोन्ही खिशांच्या वरच्या कडेला, मधोमध, बोट घालायला अर्धगोल कापा. चंद्रकोरीसारखा कापला तर तीच नक्षी होते, वेगळी काढावी लागत नाही.

चार. खिशाच्या तोंडाला गोटा, लेस किंवा कापडाची पट्टी लावायची असेल तर ती याच वेळी लावा. अर्धगोल कापला असेल तर पट्टी त्याच्या दोन्ही बाजूंना लावा, किंवा त्याच्या खालून फिरवा. टोके कडेच्या चिकटण्यात दबून जातील अशी ठेवा, म्हणजे पुढे सुटणार नाहीत.

पाच. तुकडा उलटा करा, पट्टी आडव्या रेघेवर वर वळवा. दोन खिसे तयार झाले. प्रत्येक खिशाच्या बाहेरच्या आणि मधल्या कडेला ६ मिलिमीटर एवढीच खळ लावा. खिशाची आतली रुंदी साडेनऊ सेंटिमीटर राहते. नोट आणि चिठ्ठी आरामात बसतात.

सहा. खिशात रद्दी कागदाचा तुकडा सरकवा, म्हणजे आत चिकटणार नाही. मधली घडी न घालता कार्डे एकावर एक रचून वर फरशी ठेवा. रात्रभर वाळू द्या. मधली घडी दुसऱ्या दिवशी, पूर्ण वाळल्यावरच घाला. ओल्या कार्डाची घडी घातली की चिकटलेली कड सरकते.

खळीबद्दल दोन शब्द. मैद्याची खळ एक भाग मैदा आणि पाच भाग पाणी या हिशेबाने मंद आचेवर शिजवावी आणि गार झाल्यावर कापडातून गाळावी. कीड लागू नये म्हणून जुने बाइंडर तिच्यात मोरचूद घालीत. मोरचूद विषारी आहे आणि हे कार्ड लहान मुलांच्या हातात जाणार आहे, तेव्हा ती घालू नये. रोजची खळ रोज करावी. नायलॉन आणि पॉलिएस्टरचे कापड मैद्याच्या खळीला नीट धरत नाही, तिथे फेविकॉल पातळ थराने लावावा. पातळ सुती किंवा रेशमी कापडातून चिकट वर येते आणि डाग पडतो, म्हणून आधी मागे पातळ कागदाचे अस्तर लावून, वाळवून, मग पट्ट्या कापाव्यात.

सजावट थोडी, पण आपली

औरंगाबादचे हिमरू, मशरू, जरीच्या साड्यांचे काठ, मालेगावच्या रंगीत साड्या, यांची कात्रणे आपल्या बाजारात पडलेली असतात. खिशाच्या तोंडावर दोन सेंटिमीटरची हिमरूची पट्टी लावली की ते कार्ड कुठल्याही छापखान्याला करता येत नाही. प्रत्येक कार्डाची पट्टी थोडी वेगळी पडते. गिऱ्हाइकाला हे वेगळेपण आवडते, तेव्हा ते लपवू नये.

लिपीचा विचार आधी करावा. उर्दू उजवीकडून डावीकडे वाचतात. समोर नस्तालीकमध्ये ईद मुबारक असेल तर मधली घडी उजव्या हाताला यायला हवी. मराठी असेल तर डाव्या हाताला. आपला तुकडा दोन्ही बाजूंनी सारखा असल्याने कापण्यात फरक पडत नाही, फक्त लिहिताना पुढची बाजू कोणती ते ठरवायचे. उर्दू मजकूर आणि इंग्रजी पद्धतीची घडी, असा माल आम्ही दुकानांत बघतो तेव्हा करणाऱ्याने भाषा वाचलेली नाही हे चटकन कळते.

नस्तालीक संगणकावर आले तशी कातिबांची रोजी गेली. तरी हात असलेली माणसे अजून आहेत, आणि मदरशांत व शाळांत सुंदर हस्ताक्षराची मुले-मुली आहेत. बोरूने लिहिलेले दोनच शब्द पुरे. आयत किंवा बिस्मिल्लाह कार्डावर लिहू नये असा आमचा सल्ला आहे. कार्ड कुठे पडेल, कोणाच्या पायाखाली येईल सांगता येत नाही, आणि पुष्कळ गिऱ्हाईके त्याच कारणाने असे कार्ड घेत नाहीत.

उजवा खिसा नोटेसाठी आणि डावा चिठ्ठीसाठी ठेवावा. चिठ्ठी कोरी द्यावी. नानीने नातवाला, मामाने भाचीला स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहाव्यात. मौलवी साहेबांची ईदी आणि पैशाची ईदी अशा रीतीने पुन्हा एका ठिकाणी येतात. आणखी एक गोष्ट गिऱ्हाइकाला सांगावी : नोट घातलेले कार्ड साध्या टपालाने पाठवू नये, हातानेच द्यावे.

आता हिशेब

इथपर्यंत सगळे कारागीर आमच्याबरोबर येतात. इथून पुढे पाय अडखळतात. किंमत विचारली की उत्तर येते, बाजारात जे मिळेल ते. हा भाव नव्हे, ही शरणागती झाली.

खाली दिलेले आकडे नमुन्याचे आहेत, रीत समजावी म्हणून धरलेले. प्रत्येकाने आपल्या गावचे आकडे घालावेत. समजा ताव ४२ रुपयांना पडला. सहा कार्डे निघाली, म्हणजे कागद ७ रुपये. गोटा किंवा कापडाची पट्टी २ रुपये. खळ आणि धागा १ रुपया. बाहेरचा लिफाफा ३ रुपये. सामान झाले १३ रुपये.

आता मेहनत. घड्याळ समोर ठेवून एक डझन कार्डे करा. कापणे, रेघ दाबणे, चिकटवणे, दुसऱ्या दिवशी घडी घालणे, सगळा वेळ धरा. समजा तीन तास लागले, म्हणजे एका कार्डाला पंधरा मिनिटे. तासाची मजुरी ६० रुपये धरली तर मेहनत १५ रुपये. एकूण २८. दर दहा कार्डांत एक बिघडेल असे धरून २ रुपये ८० पैसे नुकसानीचे. झाले ३० रुपये ८० पैसे. जागा, वीज, जाणे-येणे यासाठी दहावा भाग, ३ रुपये ८ पैसे. म्हणजे साधारण ३४ रुपये ही पडता किंमत. त्यावर नफा घेऊन ४२ रुपये घाऊक भाव धरला, तर दुकानदार ते ७० किंवा ८० ला विकेल. तो त्याचा हक्क आहे, त्याची जागा आहे, त्याचे भाडे आहे.

या हिशेबात एक आकडा असा आहे जो आमच्या घरांत कधीच लिहिला जात नाही. तो म्हणजे १५ रुपये, हाताची मजुरी. सामानाचे १३ रुपये सगळ्यांना दिसतात कारण ते खिशातून जातात. मजुरी खिशातून जात नाही, ती डोळ्यांतून आणि मानेतून जाते, म्हणून ती फुकट धरली जाते. वीस रुपयांना कार्ड विकून सात रुपये सुटले म्हणून खूश होणारी बाई खरे तर तासाला अठ्ठावीस रुपयांवर काम करते, आणि त्यातून बिघाड, भाडे व वीज वेगळी.

पाकिटे चिकटवण्याचे आणि गोटा लावण्याचे काम ग्रोसच्या हिशेबाने देण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. एक ग्रोस म्हणजे १४४ नग. ग्रोसचा भाव ऐकायला मोठा वाटतो. तो १४४ ने भागा, मग एका नगाला लागणाऱ्या मिनिटांशी ताडून पाहा. आमच्या ओळखीच्या एका घरात तीन मुली असे काम करीत होत्या. देणारा दर वेळी दोन-चार नग खराब म्हणून वजा करी आणि वजा केलेले नग परतही देत नसे. घरातल्या थोरल्या मुलीने, जी दहावी पास होती, एक वही केली. तारीख, दिलेले नग, नाकारलेले नग, लागलेले तास. दोन महिन्यांची वही समोर ठेवल्यावर वजावट थांबली. भांडण झाले नाही, आवाज चढला नाही. जे लिहिलेले असते त्याच्याशी वाद घालणे अवघड जाते.

यंत्र कधी आणावे

शंभर-दोनशे कार्डांपर्यंत हाताने कापणे परवडते. मागणी हजारावर गेली की डाय करून घ्यावी. लाकडी फळीत पोलादी पाती बसवून डाय करतात, आणि छापखान्याजवळचे डाय-कटिंगवाले एका दाबात कापणे आणि घडीची रेघ दोन्ही काढून देतात. समजा डायला २,४०० रुपये पडले आणि १,२०० कार्डे काढली, तर एका कार्डावर २ रुपये बसतात. त्यात कापण्याची मजुरी मिळवा आणि वाचलेल्या मिनिटांशी तुलना करा. मात्र आधी हाताने केलेला नमुना गिऱ्हाइकांना दाखवून, मापात काही बदल करायचा तो करून, मगच डाय करावी. डाय एकदा झाली की माप बदलत नाही.

चिकटवणे, पट्टी लावणे आणि लिहिणे मात्र हातानेच राहू द्यावे. हातकामाचा दाम त्यावरच मिळतो.

विक्री आणि वेळ

ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. २०२६ मध्ये ईद-उल-फित्र मार्चमध्ये आहे, आणि पुढची काही वर्षे ती थंडीकडे सरकत जाईल. २०३० मध्ये तर रमजान वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरच्या शेवटी सुरू होईल. कागदाच्या कामाला हे दिवस चांगले. पावसाळ्यात खळ वाळत नाही, कागद ओल धरतो, कडा वाकड्या होतात. येती वर्षे हवा कारागिराच्या बाजूने आहे.

दुकानदार रमजानचा माल शाबानात भरतो. रमजानच्या दुसऱ्या अश्र्यात नमुना घेऊन गेलात तर पुढच्या वर्षी या असे ऐकावे लागेल. तेव्हा नमुने रजबात, ऑर्डर शाबानात आणि पोच रमजानच्या पहिल्या आठवड्यात, असा क्रम ठेवावा. मुंबईत मोहम्मद अली रोड, भेंडी बाजार आणि अब्दुल रहमान स्ट्रीट, पुण्यात रविवार पेठ, ही तर ठिकाणे आहेतच. पण आपल्या गावातले अत्तराचे दुकान, खजुराचे दुकान आणि मुलांच्या कपड्यांचे दुकान विसरू नये. जिथे माणूस ईदची खरेदी करतो तिथे त्याला ईदीची आठवण होते. आम्ही कापडवाल्यांनी तर काउंटरवर एक डझन ठेवायला काहीच हरकत नाही.

परताव्याच्या बोलीवर माल देऊ नये. दिलाच तर थोडा द्यावा आणि तारीख लिहून घ्यावी. परत आलेल्या कार्डाला बोटांचे डाग असतात आणि पुढची ईद वर्षभर लांब असते.

एकाच सणावर धंदा उभा करू नये. तोच तुकडा, तेच माप, फक्त पट्टी आणि शब्द बदला. निकाहाची सलामी, वलीम्याचे आमंत्रण, अकीका, दहावीत पास झालेल्या मुलाला बक्षीस, शेजारच्या घरी भाऊबीज आणि लग्नाचा आहेर. शगुनाच्या पाकिटावर एक रुपयाचे नाणे चिकटवलेले असते. त्यासाठी नाण्याएवढा तिसरा छोटा खिसा पुढच्या बाजूला लावता येतो. लग्नपत्रिकेत एका खिशात पत्रिका आणि दुसऱ्यात हॉलचा नकाशा जातो. वर्षभरात असा महिना सापडणार नाही ज्यात कोणी कोणाला पाकीट देत नाही.

शेवटी एवढेच

दोन खिशांचे कार्ड कोणाला श्रीमंत करणार नाही. तसे वचन आम्ही देत नाही आणि देणाऱ्यावर विश्वासही ठेवू नये. पण ज्या घरात कात्री, पट्टी आणि दोन सावध हात आहेत, तिथे हे काम या महिन्यात सुरू होऊ शकते. पहिल्या आठवड्यात चार ताव आणा, दोन डझन कार्डे करा. प्रत्येक कार्डात खरी ५०० ची नोट उभी घालून पाहा, कार्ड मिटते का ते पाहा. जे मिटत नाही ते विकू नका.

आणि कामाला बसताना कागदाशेजारी एक वही ठेवा. एका पानावर सामानाचा खर्च, समोरच्या पानावर लागलेला वेळ. भाव विचारणारा आला की वही उघडून आकडा सांगा. तो कमी करायला सांगेल, तो त्याचा व्यापार आहे. कुठवर कमी करायचे ते तुम्हाला ठाऊक असेल, हा तुमचा व्यापार.